अडगळीतला आरएनए

स्वादुपिंडाचा कर्करोग मराठी घराघरांत चर्चेला आला तो गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणात. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले आणि १७ मार्च २०१९ रोजी गेले. जेमतेम तेरा महिने! नाकात नळी घेऊन अर्थसंकल्प मांडणारे पर्रीकर अनेकांना आठवत असतील. मुंबई, अमेरिका, दिल्ली असे उपचार होऊनही ही गत. मग भाईंदरहून लोकल पकडून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्याचे काय?

या रोगाची खोड अशी, की तो उशिरा कळतो. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले. दुखणे अपचनावर खपते. कावीळ दिसेपर्यंत बहुधा वेळ निघून गेलेली असते. रक्ताची ‘सीए १९-९’ ही चाचणी आहे, पण पित्तमार्गात खडा अडकून झालेल्या काविळीतही तिचा आकडा चढतो.

आता थोडे मागे जाऊ. डीएनएवरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन, हा पेशीचा व्यवहार. मानवी जनुकसंचाचा आराखडा २००१ मध्ये हाती आला, तेव्हा प्रथिनांची कृती सांगणारा भाग दोन टक्क्यांहून कमी भरला. उरलेल्याला ‘जंक’ म्हणायची पद्धत १९७२ पासूनचीच, सुसुमु ओहनो यांची. नाव ठेवण्यात जरा घाईच झाली म्हणायची! कारण १९९३ मध्येच व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत एक चिमुकला, २२ अक्षरांचा आरएनए सापडला होता. तो स्वतः प्रथिन बनवत नाही; दुसऱ्या आरएनएला चिकटून त्याचे प्रथिन मात्र अडवतो. कृमीची गंमत म्हणून फारसे कुणी लक्ष दिले नाही. २००० मध्ये असाच दुसरा आरएनए माणसातही निघाला, तेव्हा सारे जागे झाले. २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाने रक्ताच्या कर्करोगाशी अशा आरएनएंचे नाते दाखवले. अ‍ॅम्ब्रोस-रुवकुन यांना नोबेल मिळाले ते २०२४ मध्ये.

स्वादुपिंडाच्या गाठीत ‘एमआयआर-२१’ हा असाच आरएनए बेसुमार वाढलेला आढळतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या प्रथिनांनाच तो गप्प करतो. असे आरएनए रक्तातही टिकून राहतात, त्यामुळे त्यांवरून रोग लवकर ओळखण्याची आशा निर्माण झाली. अडचण एवढीच, की हाच आरएनए स्तन आणि फुप्फुसाच्या कर्करोगातही वाढतो. म्हणून संशोधक अनेक आरएनए एकत्र मोजून पाहत आहेत. नेहमीच्या तपासणीत ही चाचणी अद्याप आलेली नाही. तोवर पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजनही उतरू लागले, तर केवळ साखरेची गोळी घेऊन न थांबता डॉक्टरांना स्वादुपिंडाबद्दल विचारावे.