हिवाळ्याच्या खुणा, पावसाचा हिशेब

हिवाळ्याची लोकलक्षणे धुंडाळताना मला एक गोष्ट प्रथम जाणवली. यंदा थंडी किती पडेल, हा आपल्याकडचा प्रश्न सहसा नसे. थंडी पाहून विचारायचे ते पुढच्या पावसाबद्दल.

माझे केडगाव नगरला लागून, पर्जन्यछायेत. इथली रब्बीची ज्वारी जमिनीतली ओल आणि दहिवर यांवर पोसते. पण विहिरीचे पाणी, चारा, पुढची पेरणी सारे पावसाळ्याच्या हाती. म्हणूनच ‘सहदेव भाडळी’सारखी वचने जपली गेली असावीत.

या विचाराची मुळे जुनी आहेत. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मेघगर्भाची लक्षणे दिली. मार्गशीर्ष-पौषात संध्येला लाली असावी, ढगांना खळे असावे; मार्गशीर्षात फार थंडी नको, पौषात फार हिम नको. गर्भ धरल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस. १० डिसेंबरपासून मोजा, २३ जून येतो. आर्द्रा नुकत्याच लागलेल्या असतात.

१८७६-७८च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला. पुढे हवामान खात्याच्या हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयात बर्फ जास्त तर पाऊस कमी, असा संबंध मांडला. त्यावर १८८६ पासून अंदाज निघू लागले. म्हणजे खातेही हिवाळ्याकडेच पाहत होते! १८९९ साली सरकारी अंदाज चांगल्या पावसाचा होता. पडला तो भीषण दुष्काळ.

म्हणून खरे-खोटे एवढ्यावरच ही वचने निकालात काढू नयेत. घरातले बियाणे राखायचे की खायचे, हे पावसाच्या सहा महिने आधी ज्याला ठरवावे लागे, त्याच्या काळजीची ती नोंद आहे.