हबवर ठसवलेली दोन नावे, आणि न ठसवलेले तिसरे

नॉटिंगहॅममध्ये बनलेल्या जुन्या तीन-गती सायकलचे मागचे चाक हातात घेतले, तर मधल्या पोलादी हबवर 'स्टर्मी-आर्चर' ही अक्षरे ठसवलेली दिसतात. १९३० च्या दशकानंतरचे हब असेल तर शेजारी वर्षाचे आकडेही सापडतात. वस्तूवर निर्मात्याचे नाव आहे, साल आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून सोयीचे साधन ते कोणते? आणि तरीही हे साधन दिशाभूल करते. हे हब ज्या यंत्रणेमुळे जगभर पोहोचले, ती हेन्री स्टर्मीच्याही डोक्यातून निघालेली नव्हती आणि जेम्स आर्चरच्याही नाही. ती विल्यम रायली नावाच्या तिसऱ्याच माणसाची होती. त्याचे नाव चाकावर का आले नाही, याचे उत्तर एका करारपत्रात आहे.

हा थ्रेड त्या करारापासून सुरू होऊन सायकलच्या अंतर्गत गिअरच्या शतकभराच्या वाटचालीपर्यंत जातो. त्याआधी यंत्र समजून घेणे आवश्यक आहे, कारण ते समजल्याशिवाय भांडण कशावरून होते तेच कळणार नाही.

एकच गिअर असलेल्या सायकलची अडचण चढावर कळते. सपाट रस्त्यावर सुखाने फिरणारे पेडल घाट लागताच दगडासारखे जड होते. यावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय उघड्यावरचा: मागच्या चाकाला लहानमोठी दातेरी चक्रे लावायची आणि चेन एकीवरून दुसरीवर ढकलायची. हाच डिरेलर. दुसरा उपाय झाकलेला: चेन जागची हलवायची नाही, गिअरची सारी उलाढाल हबच्या पोटात घडवायची.

या पोटातली रचना सूर्यमालेसारखी असते आणि तिच्या भागांना नावेही तशीच आहेत. मधोमध चाकाच्या आसावर पक्के बसवलेले 'सूर्यचक्र'. ते फिरत नाही. त्याच्याभोवती फिरणारी छोटी 'ग्रहचक्रे', एका पिंजऱ्यात बसवलेली. आणि या सर्वांना वेढणारे, आतल्या बाजूने दाते असलेले कडे. आता प्रश्न एवढाच, की चेनची ताकद पिंजऱ्याला द्यायची की कड्याला, आणि चाक फिरवण्याचे काम दोहोंपैकी कोणाकडे सोपवायचे? चेनने पिंजरा फिरवला आणि कड्याने चाक, तर चाक चेनच्या चक्रापेक्षा जलद फिरते. उलट केले, कड्याने ताकद घेतली आणि पिंजऱ्याने चाकाला दिली, तर चाक सावकाश पण जोरकस फिरते. हा चढाचा गिअर. आणि कड्यानेच घेऊन कड्यानेच दिली, तर जसेच्या तसे. तीन जोडण्या, तीन गती. स्टर्मी-आर्चरच्या प्रसिद्ध 'एडब्ल्यू' हबमध्ये सूर्यचक्राला २० दाते आणि कड्याला ६० दाते असतात. २० भागिले ६० म्हणजे एक तृतीयांश. म्हणून वरचा गिअर मूळ गतीच्या १३३ टक्के आणि खालचा ७५ टक्के. कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहावे, गणित शाळेतलेच आहे.

ही कल्पना कोणा एकाची मालमत्ता नव्हती. १८८० च्या दशकात इंग्लंडमधील तीनचाकी सायकलींना अशा पद्धतीचे दोन-गती गिअर बसवले जात. १८९५ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या नोबल्सव्हिल गावच्या सीवर्ड जॉन्सनने दोन-गती हबचे पेटंट मिळवले, पण ते हब टिकाऊ ठरले नाही. कागदावर सुचणे आणि रोजच्या धुळीत, पावसात, वेड्यावाकड्या पायांखाली वर्षानुवर्षे चालणे यांत फार अंतर असते.

ते अंतर पार केले रायलीने. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डच्या या कारागिराने १८९६ मध्ये दोन-गती हबचे पेटंट घेतले. १८९८ मध्ये ते बाजारात आले आणि खपले. त्याचे नावही सरळसोट होते: 'द हब'. मात्र त्याच्या उत्पादनासाठी कंपनीशी करार करताना रायलीने केवळ या एका शोधाचेच नव्हे, तर या क्षेत्रात पुढे लागणाऱ्या शोधांचेही हक्क लिहून दिले. भविष्य गहाण ठेवणारी अशी कलमे त्या काळात नवलाची नव्हती, आणि आजही नाहीत. सही करताना त्याला पुढचा शोध इतक्या लवकर लागेल असे वाटले नसावे.

तो लागला. तीन गतींचे हब त्याने तयार केले आणि मग त्याच्यापुढे पेच उभा राहिला: स्वतःच्या नावाने अर्ज केला, तर करारानुसार शोध जुन्या कंपनीच्या पदरात पडणार. त्याने पळवाट काढली. पेटंटचा अर्ज त्याच्या सहकाऱ्याच्या नावे गेला. तो सहकारी म्हणजे जेम्स आर्चर.

इकडे हेन्री स्टर्मीची गोष्ट वेगळीच. मूळचा शाळामास्तर, पुढे कॉव्हेंट्रीत सायकलविषयक नियतकालिकांचा संपादक, १८९५ मध्ये सुरू झालेल्या 'द ऑटोकार' या मोटार-साप्ताहिकाचा पहिला संपादक. त्यानेही १९०१ मध्ये स्वतःच्या तीन-गती रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. दोन्ही धागे येऊन मिळाले ते नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचा मालक फ्रँक बोडन याच्याकडे. (रायली माणूस आणि रॅले कंपनी, मराठीत लिहिताना ही नावे फारच जवळ येतात, म्हणून सावध राहावे.) बोडनला गरज होती. १८९० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये उसळलेली सायकलची लाट १८९७ नंतर ओसरली होती. लोकांकडे सायकली होत्या. नवी सायकल का घ्यावी याला काही कारण हवे होते. तीन गती हे उत्तम कारण होते. त्याने दोन्ही पेटंटे एका छत्राखाली आणली आणि १९०२ च्या सुमारास दोन्ही पेटंटधारकांची नावे जोडून उत्पादनाचे नाव सिद्ध झाले.

प्रत्यक्ष उत्पादनात उतरली ती मुख्यतः आर्चरच्या नावावरची, म्हणजे रायलीची रचना. स्टर्मीला निदान स्वतःच्या पेटंटचा आधार तरी होता. रायलीच्या वाट्याला मात्र चाकावर अक्षरभरही जागा आली नाही.

पेटंट हे साधन म्हणून फार मोहक असते: तारीख, सही, रेखाचित्र, सारे काही सरकारी शिक्क्यासह. परंतु ते सांगते हक्क कोणाचा. हात कोणाचा, हे सांगण्यास ते बांधील नसते. टोनी हॅडलंड या संशोधकाने १९८७ मध्ये कंपनीचा इतिहास पुस्तकरूपाने मांडला, त्यात रायलीला त्याची जागा मिळाली. म्हणजे नाव झाकले गेल्यापासून ऐंशीहून अधिक वर्षांनी.

आता नॉटिंगहॅमच्या बाहेर पाहू. जर्मनीत श्वाइनफुर्ट येथे एर्न्स्ट झाक्स आणि कार्ल फिश्टल यांनी १८९५ मध्ये कंपनी काढली होती. १९०३ मध्ये तिने 'टॉर्पेडो' हब आणले. त्याचे वैशिष्ट्य गती नव्हे, ब्रेक: पेडल उलटे दाबले की हबच्या आतूनच चाक आवळले जाई. पुढे याच वंशात गिअरही आले. पण ब्रेक आधी, गिअर नंतर, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. इंग्रज सायकलस्वाराने ब्रेक हँडलवर ठेवला आणि हब केवळ गिअरसाठी राखले. जर्मन स्वाराला एकाच डब्यात दोन्ही हवे होते. १९६० च्या दशकातील 'ड्युओमॅटिक' हबात तर गिअर बदलण्याची तारही काढून टाकली होती. पेडलला किंचित उलटा झटका दिला की गती बदले. निव्वळ कल्पकतेच्या कसोटीवर पाहिले तर नॉटिंगहॅमपेक्षा श्वाइनफुर्टची कामगिरी सरस म्हणावी लागेल.

फ्रान्समध्ये वादाचे स्वरूप वैचारिक होते. सेंट-एतिएन येथे राहणारा आणि 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहिणारा पॉल द व्हिव्ही अनेक गतींचा कट्टर पुरस्कर्ता. तर 'टूर द फ्रान्स'चा संस्थापक आंरी देग्रांज याच्या दृष्टीने गिअर म्हणजे दुबळ्यांची कुबडी. टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. तोवर स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या चक्रावर चेन चढवून पुढे निघत. परवानगी मिळाल्यावर मात्र पारडे असे फिरले, की शर्यत म्हणजे डिरेलर आणि रोजचा प्रवास म्हणजे हब, अशी वाटणी रूढ झाली.

या वाटणीला एक झणझणीत अपवाद आहे. १९३९ मध्ये टॉमी गॉडविन या इंग्रज सायकलपटूने एका वर्षात ७५,०६५ मैल अंतर कापले, म्हणजे रोज सरासरी दोनशेहून अधिक मैल. त्या वर्षातला बहुतेक प्रवास त्याने रॅले सायकलवर केला आणि तिच्या मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचे चार-गती हब होते. सप्टेंबरपासून युद्धकाळातील अंधारबंदी होती, हिवाळा होता, बर्फ होते. त्याचा विक्रम २०१६ पर्यंत टिकला. झाकलेल्या गिअरला चिखल आणि बर्फ फारसे बाधत नाहीत, याची याहून कठोर परीक्षा क्वचितच कोणी घेतली असेल.

दोष नव्हते असे नाही. १९३६ मध्ये आलेल्या 'एडब्ल्यू' हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गतीच्या मध्ये एक रिकामी जागा असे. तार नीट ताणलेली नसेल, तर भर जोरात पेडल अचानक मोकळे फिरे आणि स्वार पुढे आदळे. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या 'रॅले चॉपर' या मुलांच्या सायकलीत गिअरचा दांडा मोटारीसारखा दोन पायांच्या मध्ये, फ्रेमवर बसवला होता. घसरणारा गिअर आणि समोर दांडा: परिणामांचे वर्णन करण्याची गरज नाही. जाता जाता, चॉपरची रचना नेमकी कोणाची, यावरही ॲलन ओकली आणि टॉम कॅरन यांच्या बाजूंनी वाद झाला. रॅलेच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा उगवतो.

भारतात रॅलेचे नाव घरोघर पोहोचले. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅलेचा कारखानाही उभा राहिला. पण इथे रुजली ती काळी, जड, एकाच गिअरची सायकल. दुधाचे कॅन आणि गव्हाचे पोते वाहणारी. पुण्यातल्या वाड्यांच्या भिंतींना टेकून उभ्या असलेल्या सायकलींचा घाट नॉटिंगहॅमचा होता, मात्र नॉटिंगहॅमच्या सायकलीचे खरे गुपित त्यांतल्या बहुतेकींच्या चाकात कधी आलेच नाही.

जपानमध्ये साकाई येथील शिमानोने १९५७ मध्ये तीन-गती हब बनवले आणि पुढच्या दशकांत सात, आठ, अकरा अशी मजल मारली. जर्मनीत बेर्नहार्ड रोलॉफने १९९८ मध्ये चौदा गतींचे 'स्पीडहब' सादर केले. त्यात प्रत्येक पायरी सारखी, १३.६ टक्क्यांची, आणि सर्वांत खालच्या व वरच्या गतीत ५२६ टक्क्यांचा पल्ला. 'एडब्ल्यू'चा पल्ला १७८ टक्के. आकड्यांची तुलना इथे थांबवली तर रोलॉफ सहज जिंकतो. पण अधिक गती म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांच्या अधिक जोड्या, आणि दात्यांची प्रत्येक जोडी पायाच्या ताकदीतून आपला वाटा कापून घेते. २००१ मध्ये फ्रँक बर्टो आणि चेस्टर काइल यांनी मोजमाप प्रसिद्ध केले, त्यात हब गिअर डिरेलरपेक्षा साधारण दोन टक्क्यांनी मागे पडले. शर्यतीत दोन टक्के म्हणजे हार. कामावर जाणाऱ्याला दोन टक्के कळतही नाहीत. चेन दर आठवड्याला धुवावी लागत नाही, हे मात्र त्याला कळते. म्हणूनच हबांची तुलना करताना 'सर्वोत्तम कोणते' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ते हब कोणत्या रस्त्यासाठी आणि कोणाच्या खिशासाठी बनले, हे विचारल्यास उत्तरे मिळू लागतात. तरीही एक मत नोंदवायला हरकत नसावी: इतक्या कमी भागांत इतके काम करून घेणारे दुसरे हब 'एडब्ल्यू'नंतर झालेले नाही.

२००० मध्ये स्टर्मी-आर्चर विकली गेली, आणि काही महिन्यांतच नव्या मालकाच्या हाती ती दिवाळखोरीत निघाली. ज्या नॉटिंगहॅममध्ये अनेक कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या सायकलीचे भाग घडवले, तिथले हे काम बंद पडले. रॅलेच्या जुन्या आवारात आज विद्यापीठाची इमारत-संकुले आहेत. स्टर्मी-आर्चरची मालमत्ता तैवानच्या सनरेस कंपनीने घेतली आणि यंत्रे समुद्रापार गेली.

तैवानच्या अभियंत्यांनी तीन-गती हबातली ती कुप्रसिद्ध रिकामी जागा काढून टाकली. गतींचे प्रमाण मात्र तेच ठेवले: ७५, १००, १३३. हबच्या पोलादावर आजही 'स्टर्मी-आर्चर' हीच अक्षरे ठसवली जातात.