लसणाचा वास

गुरुवार. छावणीच्या आठवडी बाजारात तुम्ही लसणाच्या ढिगाशी वाकता. "घ्या दादा, गावरान आहे," बाई म्हणते. एक पाकळी चुरगळून तुम्ही नाकाशी धरता.

वास तोच राहतो, बाजार उरत नाही.

१९४२. रावळपिंडी. अंगात खाकी अर्धी चड्डी आणि उघड्या गळ्याचा सुती शर्ट. समोरच्या दारातून तोच लसणासारखा वास येतोय. तोंडावर रबरी मुखवटा चढतो. "अंदर चलो!" आत काय आहे, ते तुम्ही विचारत नाही. फौजेत हुकमाला प्रश्न नसतो.

दार लागतं. दिसत काही नाही, दुखतही नाही. बाहेर येऊन तुम्ही हसत डाळ-रोटी खाता.

संध्याकाळी काखा आणि जांघा हुळहुळतात. रात्री आगडोंब. मस्टर्ड गॅसची हीच खोड: लागताना कळत नाही, काही तासांनी फोड उठवतो, आणि घाम साचतो तिथे सगळ्यात वाईट. सकाळी तुम्ही इस्पितळात आहात, अंगाला चादरही सोसत नाही. शेजारच्या खाटेवरच्याचा मुखवटा आत असतानाच सरकला होता. त्याचे डोळे सुजून मिटलेत. साहेब येतात, वाकून बघतात, वहीत इंग्रजीत काही लिहून पुढे जातात.

वहीतले प्रश्न दोन. हिंदी कातडी गोऱ्या कातडीपेक्षा जास्त भाजते का? आणि रणांगणात माणूस निकामी करायला किती वायू लागतो? ते विचारणारे इंग्लंडमधल्या पोर्टन डाऊन या लष्करी प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपासून दहा वर्षांहून अधिक काळ शेकडो हिंदी जवान या प्रयोगांतून गेले. १९२५च्या जिनिव्हा कराराने विषारी वायू युद्धात वापरायला बंदी घातली होती, बनवायला आणि पारखायला नाही.

"अर्धा किलो देऊ का, दादा?"

तुम्ही पुन्हा छावणीत. इथेही कधीकाळी इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली, निजामाच्या खर्चाने हैदराबाद कंटिन्जंटची पलटण राहायची. हुकमाला प्रश्न नसतो, हा धडा तिनेही गिरवलेला.

रावळपिंडीच्या प्रयोगांचे कागद २००७ साली 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने उजेडात आणले. भाजलेल्यांची संख्या मोठी आहे, हे १९४२च्या कागदांतच लिहिलेलं होतं. मस्टर्ड गॅसमुळे कॅन्सर होतो, हे आता सिद्ध झालंय. त्या जवानांचं पुढे काय झालं, हे बघायला ब्रिटिश लष्कर पुन्हा त्यांच्याकडे फिरकलं नाही.