रायगडावरील मसलत

इ. स. १६८९ च्या फेब्रुवारी महिन्याच्या आरंभीं संगमेश्वर येथें छत्रपति संभाजी महाराज मोगलांच्या हातीं सांपडले. शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान हा सरदार कोल्हापुराकडून सह्याद्रीच्या अवघड वाटांनीं निवडक स्वारांनिशीं अकस्मात् चालून आला, आणि महाराजांना व कवि कलशाला कैद करून बादशहाच्या छावणीकडे घेऊन गेला. ही बातमी रायगडावर पोंचली तेव्हां गडावर महाराणी येसूबाई होत्या, त्यांचा सातव्या वर्षांतला मुलगा होता आणि राज्याचे कांहीं मुत्सद्दी होते. मुलाचें नांव आजोबांचेंच, शिवाजी. पुढें इतिहासानें त्याला शाहू म्हणून ओळखलें.

त्या दिवसांत येसूबाईंनीं जें केलें त्याचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा चार-दोन ओळींत आटोपतो. संभाजी महाराजांच्या बलिदानाची कथा संपते आणि राजाराम महाराजांच्या जिंजीच्या प्रवासाची कथा सुरू होते; मधलें पान वाचक घाईनें उलटतो. वास्तविक मराठी राज्य टिकणार कीं बुडणार याचा निकाल बऱ्याच अंशीं त्या मधल्या पानावर लागलेला आहे.

येसूबाईंना त्या वेळीं आधार कोणाचा होता, हें प्रथम पाहावें. शेजारच्या राज्यांकडे पाहावें तर विजापूर १६८६ सालीं बुडालें होतें व गोवळकोंडें १६८७ सालीं. ज्या दोन दरबारांशीं मराठ्यांनीं कधीं युद्ध व कधीं सख्य केलें, ते दोन्ही आतां बादशहाच्या दोन सुभ्यांच्या रूपानें उरले होते. माहेराकडे पाहावें तर तो दरवाजाही बंद. येसूबाई शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या कन्या. त्याच शिर्क्यांचें आणि संभाजी महाराजांचें वांकडें आलेलें; आदल्याच वर्षीं, १६८८ मध्यें, शिर्के कवि कलशावर चालून गेले होते आणि त्यांचें पारिपत्य करण्यासाठीं स्वतः महाराजांना त्या भागांत उतरावें लागलें होतें. फौजेकडे पाहावें तर सेनापति हंबीरराव मोहिते १६८७ सालीं वाईजवळच्या लढाईंत पडले होते, आणि राहिलेल्या तुकड्या दूरदूर पांगलेल्या होत्या. राहतां राहिला सासरचा आधार. सासरीं कर्ता पुरुष एकच होता, दीर राजाराम. आणि तो त्याच गडावर नजरकैदेंत होता.

ही शेवटची गोष्ट अंमळ थांबून समजून घेण्यासारखी आहे. १६८० सालीं शिवछत्रपति निवर्तले तेव्हां सोयराबाई व कांहीं प्रधान यांनीं दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसविण्याचा घाट घातला होता. तो फसला; संभाजी महाराज छत्रपति झाले, त्या प्रकरणांतील माणसांचा शेवट कटु झाला, आणि राजारामांवर पहारा बसला. म्हणजे ज्या दिराकडे आतां पाहावयाचें तो नवऱ्याचा प्रतिस्पर्धी म्हणून नऊ वर्षें डांबून ठेवलेला. उलट पक्षीं, येसूबाईंच्या कुशींतला मुलगा गादीचा सरळ वारस. अशा प्रसंगीं आई काय करील याचे दाखले जगाच्या इतिहासांत पुष्कळ आहेत: मुलाला गादीवर बसवावें, आपण त्याच्या नांवानें कारभार करावा आणि दिरावरचा पहारा दुप्पट करावा.

येसूबाईंनीं पहारा उठविला. संभाजी महाराज पकडले गेल्यावर थोड्याच दिवसांत रायगडावर राजारामांचें मंचकारोहण झालें. महाराज अद्याप जिवंत होते. त्यांची क्रूर हत्या ११ मार्च १६८९ रोजीं झाली. या मधल्या अवधींत सुटकेची वाट पाहत बसणें किती स्वाभाविक होतें! बादशहाकडे वकील पाठवावा, खंडणीचें बोलणें लावावें, आज-उद्यां कांहीं चमत्कार घडेल म्हणून राज्याचा गाडा तसाच उभा ठेवावा. गडावर असा विचार कोणाच्या मनांत आलाच नसेल असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु राज्याचा कारभार त्या आशेवर टांगून ठेवला गेला नाहीं.

मार्च संपतां संपतां वजीर असदखानाचा मुलगा इतिकादखान यानें रायगडास वेढा घालण्यास आरंभ केला. गड अजिंक्य म्हणून नांवाजलेला, दाणागोटा भरलेला. सर्वांनीं आंतच राहून लढावें, ही कल्पना शूर वाटणारी आणि म्हणून धोक्याची होती. या वेळीं जी मसलत झाली तिचा वृत्तान्त मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरींत आहे. येसूबाईंच्या म्हणण्याचा आशय असा: राजारामांनीं प्रमुख मंडळींसह गड सोडून बाहेर पडावें, एका जागीं न राहतां फिरत राहून फौजा जमवाव्यात, मुलासह आपण गडावर राहूं व गड भांडवूं, सर्व एके ठिकाणीं राहिलों तर सर्व एकदमच शत्रूच्या हातीं पडूं. ही बखर घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिलेली असल्यामुळें तिच्यांतील शब्द येसूबाईंचेच असतील असें कोणी म्हणूं नये. पण शब्द बखरकाराचे असले तरी कृति इतिहासाची आहे. राजाराम महाराज ५ एप्रिलला गडावरून निघून प्रतापगडाकडे गेले आणि येसूबाई मुलासह मागें राहिल्या, याबद्दल शंका नाहीं.

संकटांत सांपडलेलें माणूस जवळच्या माणसांना घट्ट धरून ठेवतें. त्यांच्यानें संकट टळो न टळो, चार माणसें भोंवतीं आहेत एवढ्यानेंच जीव थाऱ्यावर राहतो. येसूबाईंच्या भोंवतीं जीं माणसें होतीं तीं लढणारीं, सल्ला देणारीं, त्यांच्यासाठीं मरण्यासही तयार असणारीं होतीं. त्यांनाच त्यांनीं निरोप दिला. त्या निरोपांत त्या माणसांवरचा अविश्वास नव्हता. उलट संपूर्ण राज्य त्यांच्यावर सोपविलें होतें. पुढें राजारामांबरोबर जिंजीपर्यंत गेलेल्या मंडळींत खंडो बल्लाळ चिटणीस होता. त्याचे वडील बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनीं देहान्त शासन केलें होतें. अशा माणसावरही भरंवसा टाकणारी ही स्त्री आपल्या स्वतःच्या रक्षणाचा भार मात्र कोणावर टाकीत नाहीं. विश्वास टाकणें निराळें आणि भार टाकणें निराळें. हा भेद त्या मसलतींत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कोठें दिसत असेल.

यांत वात्सल्याची कसोटी किती कठीण होती याचाही विचार केला पाहिजे. मुलाला राजारामांबरोबर पाठवितां आलें असतें. परंतु दोघे वारस एका वाटेवर घालणें म्हणजे एका छाप्यांत दोघांनाही गमावण्याची तयारी ठेवणें. म्हणून एक बाहेर, एक आंत. आंत राहिलेल्याच्या वांट्याला काय येणार हें आईला कळत नव्हतें असें थोडेंच आहे!

रायगड सुमारें सात महिने झुंजला. सूर्याजी पिसाळ यानें वतनाच्या लोभानें फितुरी केल्याची हकीकत परंपरेनें चालत आलेली आहे. फितुरी असो वा नसो, बाहेरून मदत येण्याजोगी परिस्थिति नव्हती. नोव्हेंबर १६८९ मध्यें गड मोगलांच्या स्वाधीन झाला. येसूबाई व शाहू कैद झाले, आणि इतिकादखानाला या पराक्रमाबद्दल जुल्फिकारखान हा किताब मिळाला. पण ज्याच्यासाठीं एवढा खटाटोप केला तें सावज निसटलें होतें. सप्टेंबरच्या अखेरीस राजाराम महाराज पन्हाळ्यावरून लिंगायत यात्रेकरूंच्या वेषांत निघाले होते आणि रायगड पडला त्या सुमारास ते शेंकडों कोस दूर, तमिळ मुलुखांत, जिंजीच्या किल्ल्यापाशीं पोंचत होते. हा किल्ला शिवछत्रपतींनीं १६७७ च्या कर्नाटकच्या मोहिमेंत घेऊन ठेवला होता. आजोबांच्या पुण्याईवर नातवंडें जगतात म्हणतात. येथें तर मुलाचाच जीव वांचला.

या प्रवासांत आणखी एका स्त्रीचें नांव येतें, आणि तें घेतल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. बिदनूर-केळदीची राणी चन्नम्मा. तीही विधवा, तीही एका लहानशा राज्याची एकटी धनीण. मोगलांचा पाठलाग चुकवीत राजाराम तिच्या मुलुखांतून गेले तेव्हां तिनें त्यांना वाट दिली. वाट दिल्याबद्दल बादशहाची फौज तिच्यावर चालून आली आणि दंड भरून तिला तह करावा लागला. तिच्या पाठीशीं तरी कोण उभें होतें?

इकडे महाराष्ट्रांत राजा नाहीं, राजधानी नाहीं आणि खजिना नाहीं अशी स्थिति. रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपनाह’ असा किताब देऊन सर्व अधिकार दिलेले होते. जिंजीला विचारून उत्तर आणावयाचें म्हटलें तर वाटेंत मोगलांच्या चौक्या, आणि १६९० पासून खुद्द जिंजीलाही वेढा. तेव्हां पंत, शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक यांनीं येथल्या येथें निर्णय घेतले. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनीं स्वतःच्या हिमतीवर फौजा उभ्या केल्या. हुकमाची वाट पाहण्याची संवय त्या पिढीची मोडली. जिंजीचा वेढा १६९८ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे जवळ जवळ आठ वर्षें, चालला. तोंवर संताजी-धनाजींनीं बादशहाच्या नामांकित सरदारांना उघड्या मैदानावर गांठून नामोहरम केलें होतें.

या काळाचें चित्र निव्वळ सोन्याच्या शाईनें रंगविणें मात्र बरोबर नाहीं. शिवछत्रपतींनीं आखडती घेतलेली वतनें या दिवसांत सढळ हातानें वांटावीं लागलीं, कारण द्यावयाला दुसरें कांहीं नव्हतें. माणसें आज इकडे तर उद्यां तिकडे जात, आणि परत आल्यावर त्यांना क्षमा करून जवळ घ्यावें लागे. संताजीसारखा वीर १६९७ सालीं आपल्याच माणसांच्या वैरानें मारला गेला. स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला सरदार पुढें कोणाच्याही ताब्यांत राहीना, आणि त्याचे परिणाम मराठी राज्यानें पुढलीं शंभर वर्षें भोगले. तरीपण १६९१ सालचा एक कागद पाहिला म्हणजे टीका करणाऱ्याचें मन क्षणभर थबकतें. वेढ्यांत अडकलेल्या राजाराम महाराजांनीं त्यांत हणमंतराव घोरपड्यांना रकमेचें आश्वासन दिलें आहे: इतकी रायगडाचा प्रांत घेतल्यावर, इतकी विजापूर घेतल्यावर, मग भागानगर, मग औरंगाबाद, आणि बाकीची दिल्ली घेतल्यावर. देणाऱ्याच्या पायांखालीं जमीन नाहीं आणि सौदा दिल्लीचा! याला भाबडेपणा म्हणणाऱ्यांनीं खुशाल म्हणावें.

राजाराम महाराज २ मार्च १७०० रोजीं सिंहगडावर वारले. तेव्हां ताराबाईंचें वय अवघें पंचवीस. सात वर्षें त्यांनीं या गडावरून त्या गडावर जात राज्य चालविलें आणि वृद्ध बादशहाला एकेका किल्ल्यासाठीं महिनेच्या महिने खर्ची घालावयास लावलें. १७०७ च्या आरंभीं तो अहमदनगर येथें मरण पावला. हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु विधवा राणीनें रडत न बसतां राज्य भांडवावें, हा कित्ता ताराबाईंच्या डोळ्यांदेखत रायगडावर गिरविला गेला होता, ही गोष्ट क्वचितच कोणी बोलून दाखवितो.

मग येसूबाईंचें काय झालें? त्या बादशहाच्या छावणींत होत्या. छावणी हलली कीं त्यांचाही तंबू हले. शाहूला सात हजारांची मनसब आणि राजा ही पदवी देण्यांत आली. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिनें मायलेकरांकडे ममतेनें पाहिलें, असें सांगतात. तरी कैद ती कैद. चिंचवडच्या देवांना येसूबाईंनीं लिहिलेल्या पत्रांतून त्यांच्या कर्जाची आणि पैशाच्या ओढाताणीची कल्पना येते. जिनें राज्याचे मुत्सद्दी व सरदार बिनतक्रार निरोप देऊन पाठविले, तिला घरखर्चासाठीं दुसऱ्यापुढें शब्द टाकावा लागला. गरजेला मदत मागण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं, हें त्यांच्या स्वभावाचें मोठेपणच म्हटलें पाहिजे.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ च्या मे महिन्यांत आजमशहानें शाहूला सोडलें, पण ओलीस म्हणून येसूबाईंना ठेवून घेतलें. मुलगा साताऱ्यास गेला, तेथें १७०८ च्या जानेवारींत त्याला राज्याभिषेक झाला; आई दिल्लीस गेली. रायगडावर एकदां ताटातूट टळली होती ती आतां झाली, आणि ती आणखी बारा वर्षें टिकली. इकडे चुलतीपुतण्यांत गादीसाठीं युद्ध पेटलें. राजारामांना गादी देतांना भावी तंट्याचें हें बीज पडलें होतें, हें नाकारतां येणार नाहीं. १६८९ सालीं त्यावांचून दुसरा मार्गही दिसत नव्हता. सातारा आणि कोल्हापूर यांची वांटणी कायम होण्यास १७३१ चा वारणेचा तह व्हावा लागला.

१७१८ च्या अखेरीस बाळाजी विश्वनाथ पेशवे सय्यद हुसेनअलीबरोबर फौज घेऊन उत्तरेस निघाले. १७१९ च्या मार्चमध्यें चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा हातीं आल्या, आणि त्यांबरोबरच राजपरिवाराची सुटकाही झाली. त्या वर्षाच्या पावसाळ्यांत येसूबाई साताऱ्यास पोंचल्या. रायगड सोडल्याला तीस वर्षें होत आलीं होतीं. ज्यांना त्यांनीं गडावरून निरोप दिला ते राजाराम महाराज जाऊन एकोणीस वर्षें झालीं होतीं. रामचंद्रपंतही हयात नव्हते. रायगड त्या वेळीं जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होता. तो मराठ्यांकडे परत यावयास १७३३ साल उजाडलें.