गुडघ्याचे सांधेरोपण

गुडघ्याचे सांधेरोपण : झिजलेल्या गुडघ्यातील हाडांचे एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग काढून तेथे धातू व पॉलिएथिलीनचे कृत्रिम भाग बसवण्याची शस्त्रक्रिया. तीत अख्खा सांधा काढत नाहीत; मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा यांवरचा काही मिलिमीटरांचा थरच कापतात.

बर्लिनचे थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यांत हस्तिदंती बिजागऱ्या बसवल्या. जंतुसंसर्गामुळे त्या टिकल्या नाहीत. खरी वाट खुब्याच्या सांध्याने दाखवली. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांचा टेफ्लॉनचा प्रयोग फसला. १९६२ मध्ये त्यांनी पॉलिएथिलीन वापरले आणि ते टिकले. १९७४ मध्ये न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल, चित्तरंजन रानावत आणि पीटर वॉकर यांचा ‘टोटल कॉन्डिलर’ गुडघा आला. आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याच घराण्यातले. याच रानावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० व २००१ साली अटलबिहारी वाजपेयींच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया केल्या.

शस्त्रक्रिया केव्हा करावी, हा यातला सर्वांत अवघड भाग. एक्स-रे दाखवून ‘गॅप संपली, आता बदलायलाच हवा’ असे सांगितले जाते, ते अपुरे आहे. झीज जास्त आणि दुखणे कमी, किंवा याच्या उलट, असे रुग्ण पुष्कळ असतात. रात्री झोपमोड होते का, बाजारापर्यंत चालवते का, जिना चढवतो का, व्यायाम आणि औषधोपचार नेटाने करूनही फरक पडला नाही का, यांवर निर्णय ठरावा. मांडीचे स्नायू बळकट करणे, वजन उतरवणे, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी धरणे, हे उपाय साधे म्हणून टाळले जातात, आणि हे फार वाईट आहे. डेन्मार्कमधील १०० रुग्णांच्या एका चाचणीत (२०१५) शस्त्रक्रिया झालेल्यांना अधिक आराम पडला, पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. केवळ व्यायामादी उपचार दिलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली नाही. झिजलेला गुडघा दुर्बिणीने ‘साफ’ करण्याचा मात्र केवळ देखाव्यापुरत्या केलेल्या शस्त्रक्रियेहून अधिक उपयोग होत नाही, हे ह्यूस्टनच्या चाचणीने २००२ मध्येच दाखवले.

वयाचा हिशेबही महत्त्वाचा. ब्रिटनमधील आकडेवारीनुसार पन्नाशीच्या पूर्वार्धात रोपण झालेल्या पुरुषांत पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के, तर सत्तरीनंतर ५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून तरुण वयात, झीज एकाच बाजूला असेल तर, हाडाचा कोन सुधारणे किंवा गुडघ्याचा तेवढाच भाग बदलणे यांचा आधी विचार करतात.

रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल आणि सुधारलेली भूल यांमुळे आता रुग्णाला त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात. या शांत सुधारणांनी रुग्णाचे जितके भले केले, तितके शस्त्रक्रियेत मदतीला घेतल्या जाणाऱ्या रोबोटने केल्याचे अजून सिद्ध झालेले नाही. त्याने काप अधिक अचूक बसतात, एवढे खरे.

भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे कृत्रिम भागांच्या, किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या संचाची कमाल किंमत करांशिवाय ५४,७२० रुपये ठरली. रुग्णालयाचे बाकीचे शुल्क या मर्यादेबाहेर राहिले. खर्चाबरोबर सवयींचाही प्रश्न येतो : शस्त्रक्रियेनंतर मांडी घालून किंवा उकिडवे बसणे बहुतेकांना टाळावे लागते, घरात कमोड लागतो. हे रुग्णाला आणि घरच्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवे.