गेलेल्या आट्यांचा इतिहास

जुन्या प्रीमियर पद्मिनीचे सिलिंडर हेड उतरवून टेबलावर ठेवले की त्या इंजिनाचे चरित्र वाचता येते. माझ्यासमोरच्या हेडला प्लगची चार भोके आहेत. दोन मूळची. तिसऱ्यात कुणीतरी कधीकाळी पितळी बुश बसवलेला आहे. चौथ्यात प्लग नुसता फिरतो, आवळत नाही. पुस्तकी मराठीत याला मळसूत्र झिजणे म्हणता येईल. गॅरेजमध्ये दोनच शब्द आहेत : ‘आटे गेले’.

आटे का जातात? हेड ॲल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा. मऊ आणि कठीण धातूच्या झटापटीत मऊ हरतो. इंजिन गरम असताना प्लग काढला, बसवताना तिरका लागला, पान्यावर जरा जास्त जोर दिला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून बाहेर येतात. पण आटे जाण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते धातूत नसून इतिहासात आहे : एका जातीच्या भोकात दुसऱ्या जातीचा बोल्ट.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. बोल्ट हरवला तर तो ज्या कारखान्यातून आला तिथेच परत जावे लागे. हेन्री मॉड्स्ले यांच्या लंडनच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची मापे ताडून पाहिली आणि १८४१ साली एकसमान आट्यांची योजना मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, माथा व तळ गोलसर आणि प्रत्येक जाडीला इंचात किती आटे ते ठरलेले. कारखान्यांत जे चालू होते त्याची सरासरी काढून ती सगळ्यांना मान्य करायला लावणे, हे या योजनेचे मर्म होते.

अमेरिकेने ती स्वीकारली नाही. १८६४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला. असा आटा साध्या कारागिरालाही कापता येईल व तपासता येईल, हा त्यांचा युक्तिवाद. युरोप खंडातल्या देशांनी १८९८ साली झुरिकमध्ये मिलिमीटरवर आधारलेल्या आट्यांवर सहमती केली. म्हणजे मोटारगाडी अजून बाल्यावस्थेत होती तेव्हाच तिच्यासाठी आट्यांची तीन घराणी तयार होती.

न जुळणाऱ्या आट्यांची किंमत किती, हे १९०४ साली बाल्टिमोरने पाहिले. शहराला आग लागली तेव्हा शेजारच्या शहरांचे बंब धावून आले. पण अनेकांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या नळांवर बसेनात. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसचे मर्लिन विमान-इंजिन अमेरिकेत बनवण्याचे काम पॅकार्ड कंपनीने घेतले. तिला ब्रिटिश आट्यांचे टॅप आणि डाय स्वतःच बनवून घ्यावे लागले. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये ६० अंशांचा ‘युनिफाइड’ आटा मान्य केला. १९४७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या, म्हणजे आयएसओच्या, तांत्रिक समित्यांत पहिल्या क्रमांकाची समिती स्क्रूच्या आट्यांचीच आहे, हा योगायोग म्हणवत नाही.

ही सगळी घराणी स्वातंत्र्यानंतर आपल्या रस्त्यांवर एकत्र नांदू लागली. मुंबईत जोडणी सुरू झालेल्या महिंद्राच्या जीपला अमेरिकी आटे. मद्रासच्या एन्फिल्ड बुलेटला ब्रिटिश. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत, कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटला मेट्रिक. ॲम्बॅसडर मूळची ब्रिटिश, पण तिच्या इंजिनाला युनिफाइड. याहून गमतीची जुनी एमजी टीसी : बोल्टचे आटे मेट्रिक आणि डोके व्हिटवर्थ पान्याचे, कारण मॉरिसने कॉव्हेंट्रीतला जो इंजिन कारखाना घेतला तो फ्रेंच हॉचकिस कंपनीचा होता आणि त्यातली यंत्रे मेट्रिक होती.

आपल्याकडच्या मिस्त्रीची भाषा सुतांची : इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तीन सुती बोल्ट व्हिटवर्थचा असो वा अमेरिकी, इंचात आटे १६च. कोन वेगळा असूनही तो कसाबसा चालून जातो. चार सुतीला मात्र फसगत होते. व्हिटवर्थचे इंचात १२ आटे, अमेरिकी १३. पहिले दोन-तीन फेरे बोल्ट गुमान आत जातो, मग अडतो. घाईत पाना लावून पुढे दामटला की भोकाचे आटे गेलेच. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८पासून ती मापे अमलात येऊ लागली. पण आधीच रस्त्यावर असलेल्या इंजिनांना कायदा लागू होत नव्हता. या संक्रमणाचा खर्च गॅरेजने सोसला, आणि त्याची नोंद कुठल्याच अहवालात सापडत नाही. ती धातूत आहे.

म्हणूनच दुरुस्तीच्या पद्धतीही इतिहासाची साधने ठरतात. सर्वांत सोपी पद्धत म्हणजे भोक वाढवून पुढच्या मापाचा बोल्ट घालणे. काम भागते, पण ते भोक मूळ मापाला कायमचे मुकते आणि पुढचा मिस्त्री फसतो. दुसरी पद्धत बुशाची : आतून-बाहेरून आटे असलेली नळी वाढवलेल्या भोकात बसवायची. तिसरी तारेच्या वेटोळ्याची. दुसऱ्या महायुद्धात हलक्या धातूच्या विमान-इंजिनांसाठी ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. या पोलादी तारेचा छेद पत्त्यातल्या चौकटसारखा असतो. भोक किंचित वाढवून खास टॅपने आटे पाडायचे आणि वेटोळे हत्याराने आवळत आत फिरवायचे. सोडले की ते फुलून भिंतीला घट्ट धरते. आतल्या अंगाला मूळ मापाचाच आटा तयार होतो, तोही पोलादाचा. ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यापेक्षा तो अधिक टिकतो.

पहिल्या पद्धतीत आणि उरलेल्या दोन पद्धतींत मला मोठा फरक दिसतो. व्हिटवर्थ यांनी दिलेले वचन साधे होते : कुणाचाही बोल्ट कुणाच्याही नटात बसेल. मोठा बोल्ट ठोकणारा ते वचन मोडतो. बुश किंवा वेटोळे बसवणारा ते पाळतो. तिसऱ्या भोकातला पितळी बुश ज्याने बसवला त्याने हे नाव ऐकलेही नसेल. पण चौदा मिलिमीटरचा, सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा प्लग आजही त्यात हाताने अलगद बसतो.

३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून कायमची गेली. भंगारात गेलेली हेडे वितळतील आणि त्यांच्याबरोबर हे दस्तऐवजही. ज्यांच्याकडे अशी इंजिने आहेत त्यांनी ती विकण्यापूर्वी एकदा भोके मोजावीत, फोटो काढावेत. जुन्या मिस्त्रींना विचारून लिहून ठेवावे. चौथ्या भोकात मी वेटोळे बसवणार आहे. तिसऱ्यातल्या बुशाला हात लावणार नाही.