आरशाची किरणाकृती: दोन रेषा आणि एका बाणाचा इतिहास

१/ वारा पडला की देवगडच्या खाडीचे पाणी आरशासारखे संथ होते आणि काठावरच्या माडाचा शेंडा त्यात उलटा दिसतो. जागा न सोडता त्या माडाची उंची आणि अंतर सांगता येईल काय? शाळेत काढाव्या लागणाऱ्या किरणाकृतीचे मर्म याच प्रश्नात आहे. (थ्रेड)

२/ भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'त (इ.स. ११५०) हाच प्रश्न पाण्यात दिसणाऱ्या बांबूच्या टोकाविषयी घातला आहे. त्यासाठीचे साधन 'धीयंत्र', म्हणजे बुद्धी हेच यंत्र. हाती फक्त एक काठी.

३/ एकदा बसून पाहावे, एकदा उभे राहून. दोन्ही वेळी टोक पाण्यावर वेगवेगळ्या बिंदूंपाशी दिसते. डोळ्यापासून त्या बिंदूंपर्यंतच्या रेषा पाण्याखाली वाढवल्या की जिथे त्या छेदतात तिथे प्रतिमा. एका रेषेने केवळ दिशा कळते; स्थान कळण्यास दुसरी रेषा हवी. किरणाकृतीत किमान दोन किरण लागतात ते यासाठी.

४/ आता बाण. युक्लिड आणि टॉलेमी यांच्या मते दृष्टिकिरण डोळ्यातून निघून वस्तूपर्यंत जात. आपल्याकडील नैयायिकांचेही मत असेच होते. तरीही आरशाची भूमिती अचूक उतरली, कारण आपाती व परावर्तित कोन समानच असतात. वाट उलटी चालली तरी ती बदलत नाही.

५/ अकराव्या शतकाच्या आरंभी कैरोत इब्न अल-हैथम याने दाखवून दिले की प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो. प्रखर प्रकाशाने डोळा दुखतो, हा त्याचा एक पुरावा. रेषा तीच राहिली, बाण फिरला. बाण नसलेल्या आकृतीत हा सारा वाद अनिर्णितच राहतो!

६/ हे शास्त्र मराठीत आणणाऱ्यांच्या अग्रभागी याच देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर होते. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या पत्राचे नावच 'दर्पण'. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणाऱ्या या अध्यापकाने १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढले आणि त्यात पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल हे विषय नकाशे व आकृत्यांसह मांडले. परिभाषा अजून घडायची होती. आकृती मात्र तत्काळ बोलत होती.

७/ आज अंतर्गोल आरशाच्या सहा आकृत्या पाठ केल्या जातात. वस्तुतः आकृती एकच आहे. अक्षाला समांतर आलेला किरण नाभीतून जातो. वक्रता केंद्रातून आलेला आल्या वाटेने परततो. वस्तू सरकवा, छेदबिंदू सरकतो. वस्तू नाभीच्या आत आली की परावर्तित किरण फाकतात. मग तुटक रेषा आरशामागे वाढवायच्या, जशा आपण खाडीच्या पाण्याखाली वाढवल्या.

८/ पाठांतर सहा आकृत्यांचे. समज दोन रेषांची. पुढच्या वेळी पट्टी हाती घ्याल तेव्हा आधी बसून पाहा, मग उभे राहून.